चौथ्या शतकातली रोमन ब्राँझ नाणी: 40 नगांच्या लॉटची सफाई आणि ओळख (प्रकल्प नोंदी)

11 जानेवारी 2025

लॉट ताब्यात. 40 नग, सगळी ब्राँझ, विक्रेत्यांच्या भाषेत 'अनक्लीन्ड'. इंग्लंडमधल्या एका जुन्या संग्रहातला उरलासुरला माल. पावतीवर तसं लिहून घेतलं आणि पावतीची स्कॅन नोंदवहीला जोडली. मातीसकट एकूण वजन 98.6 ग्रॅम.

पाणी लागण्याआधी वर्गवारी. बर्फाचे प्लास्टिक ट्रे घेतले आणि नंबर खणांना घातले, नाण्यांना नाही. काटा 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा, व्यास मोजायचा व्हर्नियर प्लास्टिकचा. स्टीलच्या व्हर्नियरचे जबडे कडेवरचा पटिना (काळाच्या ओघात धातूवर चढलेला हिरवा-तपकिरी थर) हमखास उडवतात.

या शतकात ब्राँझ नाणं एकसारखं हलकं होत गेलं आणि मधेच, 348 च्या सुमारास, पुन्हा मोठं करण्यात आलं. त्यामुळे एकही अक्षर दिसायच्या आधी व्यास आणि वजनावरून काळाचा अंदाज बांधता येतो:

- 20 मिमीच्या वर, 4 ग्रॅमपेक्षा जड: 4 नग. बहुधा 348 नंतरची.
- 18 ते 19 मिमी, 3 ग्रॅमच्या आसपास: 7 नग. 318 ते 330.
- 16.5 ते 18 मिमी, सव्वादोन-अडीच ग्रॅम: 14 नग. इथे घोळ आहे. 330 ते 335 ची नाणी याच मापाची आणि 355 नंतरचीही.
- 14.5 ते 16 मिमी, दीड ग्रॅम: 8 नग. 335 ते 348.
- 14 मिमीच्या आत, एक ग्रॅमच्या आगेमागे: 4 नग. शतकाचा शेवट.
- दोन्ही बाजू सपाट, उठाव काहीच नाही: 3 नग. ही हात बसवायला बाजूला ठेवली. अशा दोन-चार चकत्या हाताशी असाव्यातच. स्काल्पेलचा (शस्त्रक्रियेच्या सुरीचा) कोन चांगल्या नाण्यावर शिकायचा नसतो.

तीन नगांवर फिकट पिवळी वाळू सगळीकडे सारखी बसलेली. हा 'वाळवंटी पटिना' कित्येकदा गोंदाने चिकटवलेला असतो. गोंद असेल तर विरघळावा म्हणून ॲसिटोनमध्ये तासभर ठेवले. दोघांची वाळू जशीच्या तशी, म्हणजे नैसर्गिक. क्र. 31 ची सुटून तळाशी बसली आणि खाली खरवडून चकचकीत केलेला धातू निघाला. नाणं अस्सल, वरचं कपडं नकली.

12 जानेवारी

भिजवायला सुरुवात. दहा नगांना अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी, झाकणाचे प्लास्टिक डबे. भारतात असाल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी चालतं, मात्र बाटलीवर 'डिस्टिल्ड' किंवा 'डीमिनरलाइज्ड' लिहिलेलं पाहून घ्या.

नळाचं पाणी वापरायचं नाही. त्यात क्लोराइड असतं, आणि ब्राँझचा खरा वैरी तोच. शतकानुशतकं मातीतून नाण्यात मुरलेले क्षार बाहेर काढायचे तर बाहेरचं पाणी क्षारमुक्त हवं.

पाणी कधी बदलायचं ते टीडीएस मीटर सांगतो. घरच्या वॉटर प्युरिफायरसाठी मिळतो तो साधा पुरतो. ताजं पाणी 2 पीपीएम, 24 तासांनी 71. मीटर क्लोराइड वेगळं दाखवत नाही, एकूण क्षार दाखवतो. तरी उतरता कल कळतो, तेवढं पुरे.

कशाला हात लावायचा नाही तेही इथेच. चिंच, लिंबू, व्हिनेगर, तांब्याची भांडी लख्ख करायची पावडर: यांनी नाणं दहा मिनिटांत गुलाबी होतं आणि सगळे बारकावे पटिनासकट वाहून जातात. बॅटरी चार्जर लावून केलेलं इलेक्ट्रोलिसिस त्याच्याही पुढचं, मागे खड्डेखड्डे पडलेली नारिंगी चकती उरते. ऑलिव्ह तेलाचा जुना उपाय सौम्य वाटतो, पण त्यातली मेदाम्लं पटिना हळूहळू खातात आणि भेगांमध्ये शिरलेलं तेल पुढे मेण धरू देत नाही.

19 जानेवारी

24 तासांचं वाचन 71 वरून 18 पर्यंत उतरलं. पहिलं ब्रशिंग: मऊ टूथब्रश, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, नाणं पाण्याखाली धरून. कोरडं घासायचं नाही, कारण मातीतले गारगोटीचे कण पटिनापेक्षा कठीण असतात आणि गालावर, कपाळावर, म्हणजे उंच भागांवर, आधी ओरखडे उठतात. अक्षरांच्या खाचांत बांबूची टूथपिक, टोक पाण्यात मऊ करून.

सात-आठ नग एवढ्यावरच वाचण्याजोगे झाले. त्यांना यापुढे हत्यार लागणार नाही. नाणं वाचता आलं की काम संपलं. उरलेली माती काढायच्या हव्यासापायी जितकी नाणी खराब होतात तितकी मातीने होत नाहीत.

2 फेब्रुवारी

वाचन 9 पीपीएम. इथून पाणी आठवड्याने एकदा. कठीण किटण असलेले 19 नग बाहेर काढून पूर्ण वाळवले. चुनखडीचा थर ओला असताना चिवट असतो, वाळला की ठिसूळ होतो आणि पापुद्र्याने उडतो.

हत्यारं: स्टिरिओ मायक्रोस्कोप 10 ते 20 पट, 15 नंबरचं स्काल्पेल ब्लेड, पिन-व्हाइसमध्ये (सुई पकडायच्या मुठीत) शिवणकामाची सुई, रबरी ब्लोअर. खाली मऊ चामड्याचा तुकडा, म्हणजे नाणं सटकत नाही.

थर बाहेरून आत असे: सुटी माती, मग बदामी किंवा करडं चुनखडीचं किटण, मग हिरवा-तपकिरी पटिना, त्याखाली लालसर क्युप्राइट (तांब्याचं ऑक्साइड), शेवटी धातू. चित्र आणि अक्षरं पटिनाच्या बाह्य पृष्ठावर टिकलेली असतात, धातूवर नाही. लाल दिसलं की तेवढ्या जागेतलं चित्र गेलं असं समजायचं आणि हात थांबवायचा.

ब्लेड जवळजवळ आडवं, 10-15 अंशांवर. खरवडायचं नाही, किटणाच्या कडेला टोक टेकवून ढकलायचं. सुरुवात मोकळ्या जागेतून, म्हणजे चेहरा आणि अक्षरं यांच्यामधल्या सपाट भागातून. तिथे पटिनाची पातळी सापडली की त्याच पातळीने अक्षराकडे सरकायचं. चेहरा सगळ्यात शेवटी.

क्र. 17 चं उदाहरण. डोक्याच्या मागे किटणाचा फुगा होता. तो मानेच्या बाजूने उडवला तेव्हा आधी फितीची दोन टोकं दिसली, मग त्यांच्या वर केसांत एकाआड एक बसलेली गोल फुलं. मुकुट फुलांचा आहे, पानांचा नाही. एवढ्यावर हे नाणं युवराजाचं नसून सम्राटाचं ठरलं, आणि तेव्हा लेखाचं, म्हणजे कडेने कोरलेल्या मजकुराचं, एकही अक्षर सुटलेलं नव्हतं.

काचतंतूंचा ब्रश बरेच जण सुचवतात. तो पटिनाला काचेसारखी खोटी चमक आणतो आणि त्याचे तंतू बोटांत रुततात. पेटीतच राहिला.

16 फेब्रुवारी

ओळख, भाग पहिला: कॉन्स्टंटाइनचं घराणं. लॉटमधला निम्म्याहून जास्त माल इथला आहे.

पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या नाण्यांवर चेहरा पाहून काम भागतं. नीरोची जाड मान, व्हेस्पेशियनचं टक्कल, हेड्रियनची दाढी यांत चूक होणं कठीण. चौथ्या शतकात हा मार्ग बंद. टाकसाळीने एक आदर्श सम्राट ठरवला आणि बाप, तीन मुलं, पुतणे, सगळ्यांना तोच चेहरा दिला. इथे अक्षरं मोजावी लागतात.

नावंही एकमेकांवर चढलेली. नाण्यावर 'यू'च्या जागी 'व्ही' कोरतात हे धरून चालायचं.

'कॉन्स्टान्टिनुस': शेवट आय-एन-व्ही-एस. पहिला कॉन्स्टंटाइन (306 ते 337) किंवा त्याचा मुलगा दुसरा कॉन्स्टंटाइन (317 पासून सीझर, म्हणजे युवराज; 337 ते 340 ऑगस्टस, म्हणजे सम्राट). पुढे 'मॅक्स ऑग' (महान ऑगस्टस) असेल तर बाप, 'युन नोब सी' (धाकटा, सीझर) असेल तर मुलगा.

'कॉन्स्टान्टिउस': शेवट आय-व्ही-एस, मधला 'एन' नाही. दुसरा कॉन्स्टान्टियस, 324 पासून सीझर, 337 ते 361 ऑगस्टस.

'कॉन्स्टान्स': सगळ्यात आखूड. 333 पासून सीझर, 337 ते 350 ऑगस्टस.

म्हणजे नेमकं शेपटाकडे पाहायचं, आणि शेपूटच बहुधा झिजलेलं किंवा चकतीच्या बाहेर गेलेलं असतं. तेव्हा पदवी आणि डोक्यावरचा मुकुट धरायचा. 330 ते 337 मध्ये बापाच्या डोक्यावर मणी किंवा फुलं जडवलेली पट्टी असते, तर मुलांच्या, म्हणजे सीझरांच्या, डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ. 337 मध्ये मुलं ऑगस्टस झाली आणि पट्टी त्यांच्याकडेही आली. क्र. 17 वर 'कॉन्स्टान्टि', मग डोक्यामुळे तुटक जागा, मग 'नुस मॅक्स ऑग'. पहिला कॉन्स्टंटाइन, पक्का.

मागची बाजू काळ सांगते. बुरुजांच्या दरवाजाचं चित्र (324 ते 330) सात नगांवर धरलं होतं, निघालं पाचांवर. त्याचा एक मोठा फायदा: लेख 'प्रोविदेन्तिये ऑग्ग' असेल तर पुढच्या बाजूला ऑगस्टस, 'प्रोविदेन्तिये सेस्स' असेल तर सीझर. चेहरा पार गेला असला तरी हुद्दा मागून कळतो. क्र. 6 (19 मिमी, 3.02 ग्रॅम) याच प्रकारचं. पुढे 'क्रिस्पुस नोब' एवढं वाचता येतं, तळरेषेखाली एस-एम-टी-एस, म्हणजे थेसालोनिकाची टाकसाळ. क्रिस्पुस हा कॉन्स्टंटाइनचा थोरला मुलगा. 326 मध्ये बापाच्याच हुकमाने मारला गेला आणि नाण्यांवरून त्याचं नाव गेलं. त्यामुळे हे नाणं 324 ते 326 एवढ्या अरुंद पट्टीत बसतं. लॉटमधलं सगळ्यात नेमकी तारीख लागलेलं नाणं हेच.

23 फेब्रुवारी

दोन सैनिक आणि त्यांच्यामध्ये ध्वज, लेख 'ग्लोरिया एक्सेर्सितुस', सैन्याचा गौरव. लॉटमध्ये 11. ध्वज दोन असतील तर 330 ते 335. एक असेल तर 335 नंतर, 341 पर्यंत. मधला भाग झिजून ध्वज मोजता येत नसेल तर काट्यावर ठेवा: 2.4 ग्रॅम भरलं तर दोन, 1.5 भरलं तर एक. याला अपवाद मिळतात, पण थोडे.

त्याच काळातली सम्राटाविना दोन नाणी: क्र. 12 वर शिरस्त्राण घातलेली रोमा आणि मागे लांडगी व जुळी मुलं, क्र. 25 वर कॉन्स्टँटिनोपलची देवता आणि मागे जहाजाच्या पुढच्या टोकावर उभी विजयदेवी. 11 मे 330 ला नव्या राजधानीचं उद्घाटन झालं, त्या निमित्ताची ही जोडी. नवे संग्राहक शिरस्त्राणवाल्या चेहऱ्याचा सम्राट शोधत बसतात. तो नाहीच.

2 मार्च

टाकसाळीच्या खुणा. मागच्या बाजूला तळरेषेखाली असतात आणि चकती लहान पडली की पहिली गच्छंती त्यांचीच.

वाचायची युक्ती: नाणं ओलं करा आणि उजेड एकाच बाजूने, जवळजवळ आडवा टाका. मग दिवा नाण्याभोवती फिरवा. वरून पडलेल्या उजेडात सपाट दिसणारं अक्षर कडेच्या उजेडात सावली टाकतं. फोटो काढतानाही तेच. रिंग लाइट या कामाला निरुपयोगी.

हमखास फसवणारी जागा म्हणजे 'सी-ओ-एन-एस'. त्याच्यापुढे ग्रीक अक्षर (आल्फा, बीटा, गॅमा) आलं तर कॉन्स्टँटिनोपल. आधी लॅटिन 'पी' किंवा 'एस' आणि शेवटी 'टी', म्हणजे 'पी-सी-ओ-एन-एस-टी', असेल तर दक्षिण फ्रान्समधलं आर्ल. 328 मध्ये त्या शहराला कॉन्स्टान्टिना नाव दिलं होतं. ऑनलाइन विक्रीत ही अदलाबदल रोज दिसते.

दुसरी जागा: 'एस-एम-एन' निकोमेडिया, 'एस-एम-एच' हेराक्लिया. झिजलेल्या 'एन'चा तिरका दांडा आणि 'एच'चा आडवा दांडा सारखेच दिसतात. क्र. 20 असंच लटकलं आहे; नोंदीत दोन्ही शक्यता लिहिल्या, एक निवडली नाही.

सिसिया (आजच्या क्रोएशियातलं सिसाक) ओळखायला सोपी: ए-एस-आय-एस, बी-एस-आय-एस, कार्यशाळेचं अक्षर आधी. लॉटमधली 9 नाणी तिथली आणि 6 थेसालोनिकाची. एवढं एका बाजूला झुकलेलं प्रमाण पाहता जुना संग्रह मूळ बाल्कनमधून आलेला दिसतो.

9 मार्च

348 नंतरची मोठी नाणी. 'फेल टेम्प रेपारात्सिओ', सुखाचे दिवस परत आले, अशी घोषणा. चित्रात मात्र सैनिक घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भाल्याने भोसकतो आहे. तीन नग दुसऱ्या कॉन्स्टान्टियसचे. चौथा, क्र. 2 (21 मिमी, 4.41 ग्रॅम), त्याच नावाचा, पण डोकं उघडं: ना पट्टी, ना माळ. शेवटी 'नोब सेस'. हा कॉन्स्टान्टियस गॅलस, सम्राटाचा चुलतभाऊ, 351 ते 354 सीझर. नावावर विसंबून तिघांच्या ढिगात टाकला असता तर सापडला नसता. उघडं डोकं आणि ज्युलियनचं नाव असेल तर 355 ते 360.

क्र. 29 वरही हेच चित्र, पण 13 मिमी, 0.94 ग्रॅम, घोडा काड्यांचा आणि लेख म्हणजे नुसत्या उभ्या रेघा. समकालीन नक्कल. गॉल आणि ब्रिटनमध्ये 350 च्या दशकात असला माल खूप निघाला, अधिकृत नाण्यांची टंचाई होती म्हणून. आधुनिक बनावट नव्हे. असं नाणं टाकायचं नाही.

व्हॅलेंटिनियन, व्हेलेन्स, ग्रेशियन यांचे पाच नग भरभर झाले. मागे एक तर चालणारी विजयदेवी किंवा कैद्याला केसांनी ओढणारा सम्राट, आणि नावं एकमेकांत मिसळत नाहीत.

क्रमांक लावायला आरआयसी ('रोमन इम्पीरियल कॉइनेज' ही रोमन नाण्यांची प्रमाण सूची): सातवा खंड 313 ते 337, आठवा 337 ते 364, नववा 364 ते 395. 'ओसीआरई' या मोफत डेटाबेसमध्ये सम्राट, टाकसाळ आणि लेखाचा तुकडा टाकून शोधता येतं. आधी टाकसाळ, मग सम्राट, असा क्रम ठेवला की यादी लवकर आवळते.

16 मार्च

वाळवणं आणि परीक्षा. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 15 मिनिटं, मग ते खिडकीशी पूर्ण उडू द्यायचं, आणि मगच छोट्या ओव्हनमध्ये 80 अंशांवर दोन तास. अल्कोहोल ओलं असताना ओव्हन म्हणजे भडका.

नंतर दमट डब्यातली कसोटी. झाकणबंद डब्यात ओल्या कापसाचा बोळा, नाणी त्याला न टेकता जाळीवर, 48 तास. ज्यांच्या पोटात क्लोराइड शिल्लक आहे ती इथेच उघडी पडतात.

18 मार्च

दोन नग पडले: क्र. 9 आणि क्र. 34. फिकट पोपटी पावडर, टोकाने सहज निघते, खाली खड्डा. ब्राँझ रोग. साधा हिरवा पटिना घट्ट असतो, नखाने निघत नाही. फरक ओळखायची खूण हीच.

कारण असं: आत क्युप्रस क्लोराइड असतं. दमट हवा लागली की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते नव्या तांब्याला खातं, त्याचं पुन्हा क्लोराइड होतं. चक्र आपण होऊन थांबत नाही.

उपाय: पावडर सुईने काढली आणि 5 टक्के सोडियम सेस्क्विकार्बोनेट केलं. तयार मिळालं नाही तर एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात 23.5 ग्रॅम निर्जल वॉशिंग सोडा आणि 18.6 ग्रॅम खायचा सोडा. दोन्ही मिळून तयार मिळणाऱ्या 50 ग्रॅमच्या तोडीचं होतं, कारण त्यातलं बाकी वजन स्फटिकातल्या पाण्याचं असतं. दोन्ही नग वेगळ्या बरण्यांत, द्रावण आठवड्याने बदलायचं. द्रावण निळसर झालं तर ते पटिनातलंही तांबं ओढतंय, म्हणून नाणं जरा गडद होणार हे धरून चालायचं.

27 एप्रिल

द्रावणातून काढून डिस्टिल्ड पाण्यात धुतले. शेवटच्या धुवणाच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचा थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचा. क्र. 9 चं पाणी नितळ. क्र. 34 चं दुधाळ, म्हणजे क्लोराइड अजून येतंय, परत बरणीत.

बाकी नगांवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, नाणं कोमट असताना, तासाभराने सुती कापडाने पुसून. मेणाने दमटपणा कमी शिरतो, रोग बरा होत नाही. म्हणून कसोटी आधी, मेण नंतर.

3 मे

साठवण. पीव्हीसीची मऊ पाकिटं नकोत. काही वर्षांत हिरवा चिकट थर धरतो. पॉलिएस्टरची कडक पाकिटं आणि आम्लमुक्त कागदाची चिठ्ठी. लाकडी ट्रे घ्यायचा तर महोगनीचा. ओकच्या लाकडातून असेटिक आम्लाची वाफ येते. डब्यात रंग बदलणारी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा 40 टक्क्यांखाली.

कोकणात किंवा मुंबईत संग्रह असणाऱ्यांनी ही ओळ गांभीर्याने घ्यावी. पावसाळ्यात घरातली आर्द्रता 80 च्या वर जाते आणि वर्षानुवर्षं शांत बसलेलं नाणं श्रावण उलटेपर्यंत पोपटी होतं. जूनआधी जेल भाजून घ्या.

शिवाय, चौथ्या शतकातली ही छोटी ब्राँझ नाणी तामिळनाडूत आणि श्रीलंकेतही सापडतात. भारतात जमिनीत सापडलेली म्हणून कोणी दाखवली तर घेऊ नका. 1878 च्या दफिना कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीचं गुप्तधन सापडल्यावर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. महाराष्ट्रातला रोमन नाण्यांचा ठसा पाहायचा असेल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. तिथे रोमन नाण्यांच्या नकला मातीत करून दागिन्यासारख्या घातल्या जात.

11 मे

स्थिती: 37 पैकी 28 नगांवर सम्राटाचं नाव पक्कं, 5 नगांचा फक्त प्रकार आणि काळ कळला, 4 बाकी. स्वच्छ, कोरडं एकूण वजन, तीन सपाट चकत्या धरून, 91.3 ग्रॅम.

बाकी चारांपैकी दोघांवर लाल थर उघडा आहे, त्यांना आता हात लावायचा नाही. उरलेले दोन पुन्हा डिस्टिल्ड पाण्यात. क्र. 34 ची सिल्व्हर नायट्रेट चाचणी 8 जूनला.